पंख्याचा आवाज

सायलीच्या रेकॉर्डिंगमध्ये आज मला पंख्याचा आवाज ऐकू आला आणि ऊर भरून आला.

कोचिंगचं, म्हणजे सल्ला न देता प्रश्न विचारून समोरच्याला स्वतःचं उत्तर शोधू देण्याच्या कामाचं, प्रमाणपत्र हवं असेल, तर आपली संभाषणं समोरच्याच्या परवानगीने रेकॉर्ड करून मेंटॉरला ऐकवावी लागतात. माझी संभाषणं मेंटॉर म्हणून शैलाताईंनी ऐकली होती. समोरचा माणूस जरा थांबला की मी लगेच सल्ला द्यायचे. कुणी गप्प बसलं की आपल्याला राहवतच नाही ना! ताई तिथेच रेकॉर्डिंग थांबवायच्या. "अगं, तो विचार करत होता. तू का बोललीस?" मला भयंकर राग यायचा. माझं प्रमाणपत्र आता भिंतीवर आहे. ताईंचं नाव त्यावर कुठेच नाही.

आता सायली माझ्याकडे शिकते. ती तर माझ्याहून बडबडी. आज रेकॉर्डिंगमध्ये तिने एका बाईंना विचारलं, "बढती मिळाल्यावर काय बदलेल?" बाई गप्प झाल्या. सायलीही गप्पच राहिली. बराच वेळ नुसता पंखा फिरत होता. मग बाई हळूच म्हणाल्या, "खरं सांगू? मला ती नकोच आहे."

सवयीने मी थांबवायच्या बटणावर बोट टेकवून बसले होते. ते अलगद उचललं. ताईंनीही उचललं असतं.