दोन हातांवरचा चेंडू

राजूरच्या पुढे कोळशाच्या खाणीचा एक जुना क्लब आहे. तिथे गोल्फ चालतं. भोकाभोवती हिरवळ नाही, तेल पाजून दाबलेली काळपट वाळू आहे. खाणीच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेल्या विमलताई तिथे खेळणाऱ्या एकट्याच बाई. लांबचा फटका असा सणकून मारायच्या, की तरणी पोरं बघत राहायची.

पण आमच्याकडची माणसं भारी मायाळू. चेंडू भोकापासून दोन हातांवर आला की ताईंसोबत नेहमी खेळणारे सदाशिवराव हमखास म्हणायचे, "ताई, उचला. दिला तुमाले." म्हणजे शेवटचा हलका टोला, ज्याला पट म्हणतात, तो मारायचाच नाही, चेंडू पडला असं धरायचं. ताईही त्यांना द्यायच्या. आल्यागेल्याला चहा विचारावा, तसंच हे. मग नागपूरच्या स्पर्धेत, जिथे कोणी कोणाला देत नाही, ताईंचे दोन हातांवरचे चेंडू कडेकडेने निघून गेले. मागे कोणीतरी हसलं. ते हसू ताईंच्या फार जिव्हारी लागलं.

पण त्या रडत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. घरी येऊन त्यांनी अंगण सारवलं, एक वाटी काठापर्यंत जमिनीत पुरली आणि तिच्यापर्यंत रांगोळीची सरळ रेघ ओढली. रोज सकाळी त्या रेघेवरून चेंडू मारायच्या. यजमान अनंतराव पायरीवर बशीतून चहा पीत बघायचे.

"चेंडू हालला नाई तं तू मान काहून वर करून राह्यली?" एक दिवस ते म्हणाले. "घडीघडी झाकण उघडलं तं भात शिजते काय?"

ताई चिडल्या, पण बोलणं खरं होतं. मान वर झाली की खांदा फिरायचा आणि काठी तिरपी व्हायची. तेव्हापासून मनगटं घट्ट, हलायचे ते फक्त खांदे, काठी मागे जाईल तितकीच पुढे. आणि वाटी वाजेपर्यंत नजर खाली. बघायचं नाही, ऐकायचं. पोळा गेला, दिवाळी गेली, वाटी वाजतच राहिली.

क्लबच्या वार्षिक सामन्यात ताईंनी आधीच सांगून टाकलं, "आज मले कोनी देऊ नोका. मीबी कोनाले देनार नाई."

"जशी तुमची मर्जी," सदाशिवराव हसले.

शेवटच्या भोकापर्यंत दोघं बरोबरीत. ताईंचा चेंडू दोन हातांवर, सदाशिवरावांचा त्याहून जवळ. इथे चुकलं तर नागपूरचं हसू जन्मभर कानात राहणार, हे ताईंना ठाऊक होतं. त्यांनी मनातल्या मनात वाळूवर रेघ ओढली, खांदे हलवले आणि खालीच बघत राहिल्या. भोकात चेंडू वाजला, तेव्हा कुठे मान वर केली.

आता पाळी सदाशिवरावांची. त्यांनी सवयीने ताईंकडे पाहिलं. ताईंनी भोकातून आपला चेंडू काढून घेतला. म्हणाल्या, "मारा ना, भाऊ."

त्यांनी मारला आणि लगेच मान वर केली. चेंडू कडेने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई अंगणात रेघ ओढत होत्या, तर फाटकाशी सदाशिवराव उभे, काठी घेऊन.

"ताई, वाटी कोनती पुरता? लहान का मोठी?"

ताईंनी रांगोळीचा डबा त्यांच्यापुढे केला. "आधी रेघ ओढा."