नीलेशची स्वस्तातली रायफल

घरात नवीन वस्तू आली की तिच्यामागून गोष्टी येतातच. मिक्सर आला तर दोन-चार, गाडी आली तर दहा-बारा. पण आमच्याकडे रायफल आली आणि गोष्टींचा असा ढीग लागला, की फोनवर ऐकता ऐकता माझ्या धाकट्या बहिणीचा कुकर करपला! म्हटलं, आता सगळ्यांना एकदमच सांगून टाकावं.

तर, साता समुद्रापलीकडे एक आटपाट वॉटरफोर्ड होतं. तिथे नीलेश नावाचा एक कॉम्प्युटरवाला राहायचा. तो माझा मुलगा. त्याची बायको मुग्धा, हॉस्पिटलात नर्स. त्यांची लेक इरा; तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. आणि मी. सगळं छान होतं, फक्त घर भाड्याचं होतं. आणि मालक म्हणाला, ‘मला घर विकायचंय, उन्हाळ्याच्या आत रिकामं करा.’ इथे भाड्याचं घर बघायला जावं तर दाराशी लग्नाच्या पंगतीएवढी माणसं! मुग्धाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

आणि अशा वेळी नीलेशने काय घ्यायचं ठरवलं? रायफल!

*

खूळ घातलं त्याच्या ऑफिसातल्या डोनलने. इथे हरणं फार माजलीत, शेतकऱ्यांची रोपं खातात, म्हणून लायसन काढून मारता येतात म्हणे. दुकानातली सगळ्यात स्वस्त रायफल नीलेशने पसंत केली. सेकंडहँड, काळ्या प्लास्टिकचा दस्ता. पण काडतूस माझ्या करंगळीएवढं!

मुग्धा म्हणाली, “नीलेश, पुण्यात जत्रेत तुला साधा फुगा फोडता आला नव्हता!”

“फुगा हलत होता गं.”

“आणि हरीण काय, फोटोला उभं राहिल्यासारखं उभं राहणार आहे?”

*

लायसन द्यायच्या आधी चौकशीला पोलीस घरी आला. त्याला इथे गार्ड म्हणतात. माणूस सज्जन. जिन्याखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, नीलेशने लोखंडी तिजोरी भिंतीला ठोकून बसवली होती. गार्डने ती हलवून पाहिली. मग विचारलं, “घरात कुणी रागीट माणूस?”

इरा पटकन म्हणाली, “जस्ट आजी!”

मी गार्डपुढे चकलीची बशी ठेवली. खाऊन झाल्यावर तो म्हणाला, “आजी इज ग्रँड.” लायसन आलं. तिजोरीमुळे आलं की चकलीमुळे, ते गार्डलाच माहीत.

*

नीलेश पहिल्यांदा नेमबाजीच्या सरावाला रेंजवर गेला, तेव्हा डोनलने बजावलं होतं, “दुर्बिणीला डोळा चिकटवू नकोस, ही मोठ्या गोळीची आहे, लाथ मारते.” पण ऐकेल तर तो नीलेश कसला! चाप ओढला, रायफल मागे आली, आणि दुर्बिणीची कड बसली बरोब्बर दोन भुवयांच्या मध्ये.

घरी आला तो कपाळावर लाल चंद्रकोर घेऊन! खांदा काळानिळा. मी हळद-तेल गरम करून चोळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्ये साहेबीण म्हणाली, “आज तुमचा सण आहे वाटतं? हॅपी फेस्टिव्हल!” आणि हा गाढव हात जोडून म्हणतो, “थँक यू!”

*

डोनलच्या ओळखीने शेमस नावाचा एक शेतकरी भेटला. डोंगराच्या पायथ्याला त्याने कोवळी झाडं लावली होती आणि हरणं ती कुरतडत होती. म्हणाला, “खुशाल या, मारा.” आम्हीही एकदा जमीन बघायला गेलो. फाटकाजवळ एक छोटं बैठं घर होतं, पांढरंशुभ्र, खिडक्यांना लेसचे पडदे, आत कुणीच नाही. मुग्धाचे पाय तिथेच खिळले.

“हे भाड्याने देणार का?” तिने धीर करून विचारलं.

शेमसने तोंड फिरवलं. “माझ्या आईचं घर आहे. ती गेली. कुणाला देत नाही.”

परतीच्या वाटेवर ते घर दिसेनासं होईपर्यंत मुग्धा मागे वळून बघत होती. मग म्हणाली, “हरीण मिळेना, घर मिळेना. निदान त्या रायफलीत राहता तरी आलं असतं!”

*

दसरा आला. खंडेनवमीला शस्त्राची पूजा नको का करायला? गावाकडे आमच्याकडे कोयता, विळा, कुऱ्हाड सगळं पुजायचे. नीलेशने बोल्ट, म्हणजे गोळी सरकवायचा दांडा काढून, रिकामी करून रायफल पाटावर ठेवली. मी हळदकुंकू वाहिलं, झेंडू मिळाला नाही म्हणून पिवळ्या शेवंतीचा हार घातला. घरात धूप घातला की छतावरचा अलार्म कोकलतो, म्हणून धुपाटणं मागच्या अंगणात नेलं. रायफलीला बाहेर न्यायला नीलेश तयार होईना. मग मी त्याच्या शिकारीच्या कोटालाच धूप दिला. दोन्ही बाह्यांतून, खिशांतून, अस्तरातून. तेव्हापासून तो शिकारीला जायच्या आदल्या संध्याकाळी दर वेळी. यश यायला हवं ना पोराला!

पण यश काही येईना. नीलेश पहाटे जायचा, गारठून यायचा. कधीमधी लांबवर हरीण दिसलं तर गोळी झाडायचा, ती काही त्याला लागायची नाही. मी धूप वाढवला. गुग्गुळही घालायला लागले.

*

एकदा डोनल याला न्यायला आला. गाडीत बसल्या बसल्या नाक वर करून हुंगतो काय!

“आधी चर्चला जायचंय का आपल्याला?”

नीलेश मान खाली घालून म्हणाला, “आईने दिलंय. काढता येत नाही.”

डोनलने गाडीची काच खाली केली. बाहेर बर्फासारखा वारा. पण बिचारा तसाच गेला! आई त्यालाही होती.

*

आणि मग वसंतातला तो रविवार. घर सोडायची वेळ दाराशी आलेली, अर्ध्या खोक्यांत भांडी भरलेली. बेल वाजली. दारात शेमस, हातात नीलेशचा कोट. नीलेश तो तिकडे कुंपणावर विसरून आला होता. नीलेशचं तोंड उतरलं. त्याला वाटलं, आता याने शिकारीला येऊ नको म्हटलं की तेही गेलं.

शेमस चहा घेत म्हणाला, “हरणांनी डावीकडची रोपं खाल्ली, उजवीकडची खाल्ली. हा कोट होता त्या कोपऱ्यात पानाला तोंड लावलं नाही. तू बसायचास ती जागाही शाबूत.”

नीलेशने छाती काढली. “घाबरतात मला!”

शेमसच्या नाकातून चहा आला. “तुला? तू गोळी झाडलीस की ती मान वर करून बघतात, आणि पुन्हा खायला लागतात!” मग त्याने कोट हुंगला. “हे काय आहे?”

इराने त्याला हाताला धरून अंगणात नेलं. मी धुपाटणं पेटवलं. धूर वर गेला तसा तो मोठा गडी जवळ सरकला. म्हणाला, “लहानपणी आई मला पहाटे चर्चला न्यायची. तिथे असाच वास यायचा.” आणि टोपी काढून उभा राहिला.

पुढच्या रविवारी पुन्हा आला. या वेळी ढीगभर जुने कोट घेऊन, त्याचे, त्याच्या बापाचे. धूप द्यायला म्हणून टेबलावर थप्पी रचली. आणि सगळ्यात वरच्या कोटावर ठेवली एक किल्ली.

मुग्धा तिथेच खाली बसली.

सामान घेऊन आम्ही त्या पांढऱ्या घरापाशी पोचलो, तेव्हा कुंपणावर कोट ओळीने लटकत होते. नीलेश आणि डोनल घाम गाळत रायफलीची तिजोरी ट्रकमधून ओढायला लागले, तसा फाटकातून शेमस ओरडला,

“तिला काही घाई नाही रे! आधी आजीला उतरवा!”