तोंडात बसणारं रबर

मी पाणबुड्या होतो, असं घरात सांगितलं की आजही मुलं माझ्या पोटाकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. त्यांचा दोष नाही. पण सत्तरच्या दशकात, लग्न नवीन होतं आणि पोट आत होतं, तेव्हा मी सिलिंडर पाठीवर बांधून पाण्यात उतरलो आहे. शिकतानाचं सोडलं तर एकूण दोनदा. दोन्ही वेळा एकाच दिवशी, एकाच विहिरीत.

शिरोलीला पंप दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये मी कामाला होतो. तिथले मोठे मिस्त्री म्हणजे आमचे चाचा. त्यांची वीस वर्षं मुंबईच्या गोदीत, बोटींच्या तळाशी गेली होती. छाती बिघडली, डॉक्टरांनी पाण्यात उतरणं बंद केलं, तेव्हा ते आपला डायव्हिंगचा सेट घेऊन कोल्हापूरला परत आले. दोन जिने चढले तरी त्यांच्या छातीतून शिट्टी वाजायची. चाचींनी मला एकदा बाजूला घेऊन बजावलं होतं, "ह्यांना पाण्यात जाऊ द्यायचं न्हाई. तू हाईस म्हणून मी निवांत हाय." मी छाती पुढे काढून हो म्हणालो होतो.

तर पंचगंगेच्या काठावरच्या एका पाणीपुरवठा संस्थेचा पंप पाणी उचलेना. नदीकाठच्या खोल विहिरीत, चाळीस फुटांवर, पाइपाच्या तोंडाशी असलेला फूटव्हॉल्व्ह तुंबला होता. पाइप वर काढायचा तर पंधरा दिवस जाणार. चाचांनी मला चार आठवडे कळंब्याच्या तळ्यात शिकवलं होतंच. काम आम्ही घेतलं.

तळ्यात वापरलेलं माझं रबर चिरलं होतं, म्हणून आदल्या दिवशी चाचांनी माझ्या हातावर तीन माउथपीस ठेवले. सिलिंडरची हवा तोंडाशी आणणाऱ्या रेग्युलेटरला जोडायचं आणि तोंडात धरायचं ते रबर. त्याची पाकळी ओठ आणि हिरड्यांच्या मध्ये बसते आणि आतल्या दोन पट्ट्या दातांत धरायच्या असतात. एक कोरं होतं, दोन वापरलेली.

"घरी जा. एकेक अर्धा तास तोंडात धर. काम कर, फिर, पण बोलायचं न्हाई. ज्याचा तुला विसर पडंल ते तुझं," चाचा म्हणाले.

घरी ओसरीवर बसून मी वापरलेल्यातलं एक तोंडाकडे नेलं तोच आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"कुणाचं हाय ते?"

"मुंबईच्या कुठल्यातरी पाणबुड्याचं आसंल."

"त्याच्या तोंडातलं? ह्यावर दात उमटल्यात की त्याचं! आरं, सख्ख्या भावाचा उष्टा तांब्या तोंडाला लावत न्हाईस तू."

हे खरं होतं. आमच्या घरात उष्ट्याचा बाऊ फार, आणि तो सर्वांत जास्त मी करायचो. बायको दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत होती. मी दोन्ही जुनी रबरं पिशवीत टाकली आणि कोरं तोंडात धरलं. पाच मिनिटं झाली. शेजारच्यांनी विचारलं, "काय हो, दात काढले काय?" आता ह्याला उत्तर न देता बसणं माझ्यासारख्या माणसाला कसं जमावं? मी रबर काढलं आणि बोलत बसलो. ते पुन्हा तोंडात गेलं नाही.

सकाळी विहिरीवर चाचांनी विचारलं, "तिन्ही बघितलीस?"

"व्हय."

"जबडा दुखला?"

"न्हाई. हे कोरं झकास हाय."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, मग तारेनं ते रबर रेग्युलेटरला आवळून दिलं.

वीस फुटांखाली उजेड संपला. तळाशी मी हातानेच चाचपत व्हॉल्व्ह शोधला. त्याच्या जाळीत कुणाचं तरी पोतं पिळून बसलं होतं. मी दोन्ही हातांनी ओढायला लागलो आणि तेव्हा लक्षात आलं, की माझी अर्धी ताकद जबड्यात चालली आहे. रबर ताठ होतं. पट्ट्या आखूड, त्यामुळे पुढच्या दातांनीच आवळून धरावं लागे. पाकळीची कड हिरडीत रुतत होती. कानाखाली कळ यायला लागली, मग जबडा थरथरायला लागला, आणि ओठांच्या कोपऱ्यातून गार पाणी आत आलं. मला ठसका लागला. ठसका लागला की तोंड उघडतं, आणि चाळीस फुटांवर तोंड उघडायचं नसतं. मी एका हाताने रबर तोंडात दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने कमरेला बांधलेल्या दोरीला हिसके दिले. तीन हिसक्यांचा इशारा ठरला होता. मी किती दिले कुणास ठाऊक.

वर आलो तेव्हा हनुवटीवर रक्त होतं. काठावर संस्थेची पाच-सहा माणसं उभी. चाचांनी माझा ओठ अंगठ्याने उलटा करून हिरडी बघितली.

"खरं सांग. किती वेळ धरलंतंस काल?"

"पाच मिनिटं."

"आन् ही दोन?"

"धरलीच न्हाईत. उष्टी हाईत म्हणून."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले आणि शर्टाची बटणं काढायला लागले.

"चाचा, काय करताय?"

"काम घेतलंय न्हवं?"

शर्ट निघाला. बरगड्या मोजता येत होत्या आणि छातीतली शिट्टी माझ्यापर्यंत ऐकू येत होती. मला चाचींचा चेहरा दिसला. मी म्हणालो, "मीच जातो."

"कशावर? तोंडात काय धरणार?"

मी पिशवी उपडी केली. जुनं एक रबर विहिरीच्या पाण्यात बुचकळलं, डोळे मिटले आणि तोंडात घातलं. ते मोठं होतं. टाळ्याला लागून उमासे आले. दुसरं घातलं. ह्याच्या पट्ट्या लांब होत्या, थेट दाढांपर्यंत पोचणाऱ्या. त्या अनोळखी माणसाच्या दातांनी पाडलेल्या खळग्यांत माझ्या दाढा जाऊन बसल्या. अंगावर काटा आला, पण जबडा सैल सोडला तरी रबर हललं नाही.

"दहा मिनिटं," चाचा घड्याळ बघत म्हणाले. शर्ट मांडीवरच होता.

ती दहा मिनिटं विहिरीतल्या वेळेपेक्षा लांब होती. काठावरच्यांना गंमत सुचली.

"पावणं, पाणी कवा यायचं म्हणायचं?"

"बोला की! तोंडात गूळ हाय व्हय?"

"ह्येच्यापरास म्हाताऱ्याला सोडा खाली, उरकंल तरी."

मी बोललो नाही. आयुष्यात मला इतकी उत्तरं एकदम कधी सुचली नव्हती. चाचा माझ्या जबड्याकडे बघत होते, मी त्यांच्या उघड्या छातीकडे. रबर बाहेर काढलं असतं तर ते उठले असते, हे दोघांनाही कळत होतं.

मग त्यांनी घड्याळ खाली ठेवलं, तार तोडून कोरं रबर काढलं आणि हे जोडलं.

दुसऱ्या खेपेला तळाशी मी किती वेळ होतो ते मला सांगता येणार नाही. पोतं चिवट होतं. ह्या खेपेला बरोबर नेलेल्या विळ्याने कापून तुकड्या-तुकड्यांनी काढावं लागलं. एकदा हात जाळीत अडकला. हात सुटला, मी पुन्हा विळा चालवला, आणि शेवटचा तुकडा निघून व्हॉल्व्हची झडप हाताखाली खटकन हलली. दोरी धरून वर निघालो तेव्हा कुठे मला आठवलं, की तोंडात काहीतरी आहे.

पाण्याबाहेर डोकं काढून आधी पायरीकडे बघितलं. चाचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून बसले होते.

"कवा घातला?" मी धापा टाकत विचारलं.

"मगाशीच," ते म्हणाले. "पाण्यावर तुझं बुडबुडं एका चालीत यायला लागलं, तवाच."