वरच्या आळीचं पाणी

गंगा शिवगणने नोकरीची सगळी वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढली. कधी पूर्णगडची गाडी, कधी मंडणगडची. गाडी वाटेत बंद पडली की ड्रायव्हर इंजिनात डोकं घालायचा आणि गंगा प्रवाशांना सांगायची, काय बिघडलंय, दुसरी गाडी निघाली की नाही, अजून किती वेळ बसावं लागेल. न सांगता बसवून ठेवलं की माणसं भडकतात, हे ती तिथेच शिकली. निवृत्त झाल्यावर ती नगर परिषदेला उभी राहिली आणि आमच्या वस्तीतल्या महिपत गोताडांना हरवून निवडून आली.

आमची वस्ती शहराच्या कडेला, उतारावर. खालची आळी रस्त्याला लागून, वरची आळी वर कातळावर, आणि मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. मी खालच्या आळीतला. आमच्या घरांत नळ होते. वरच्या आळीतल्या बायका आमच्या विहिरीवर यायच्या आणि भरलेले हंडे घेऊन पाखाडी चढायच्या.

निवडून आल्या आल्या गंगाने जाहीर केलं, की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी देवळाच्या पटांगणात ती वस्तीला हिशोब देणार. पहिल्या सभेला कुणीतरी दोन खुर्च्या मांडल्या, एक तिला आणि एक तिच्या नवऱ्याला, हरिश्चंद्रभाऊंना. कामं तेच बघणार असं सगळ्यांनी धरलंच होतं. हरिश्चंद्रभाऊंनी खुर्ची उचलून एका म्हाताऱ्या बाईला दिली आणि स्वतः मागे जाऊन कठड्यावर बसले.

काही महिन्यांनी अशाच एका सभेत गंगा उभी राहिली. माईक तिला लागतच नव्हता. पाखाडीवरचे दिवे लागले, ते तिने सांगितलं. देवळामागचं गटार अजून तुंबलेलं आहे, तेही सांगितलं. मग म्हणाली, "वरच्या आळीची पाइपलाइन टाकून झाली आहे. शिमग्याच्या आधी पाणी येईल. माझा शब्द."

चाचणीच्या दिवशी वरची आळी नळांपाशी उभी होती. नळांतून फुसफुस हवा आली, आणि मग तीही थांबली. पाणी पाखाडीच्या अर्ध्यापर्यंतच चढलं होतं. बायकांनी रिकामे हंडे उचलले आणि विहिरीची वाट धरली.

"या महिन्याची सभा राहू दे," हरिश्चंद्रभाऊ त्या दिवशी तिला म्हणाले. "लोक तोडून खातील."

"गाडी बंद पडल्यावर खाली उतरून पळाले असते तर नोकरी टिकली असती का माझी?" ती म्हणाली.

त्या रविवारी पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. महिपतभाऊ पहिल्याच रांगेत बसले होते. गंगा उभी राहायच्या आत ते उठले.

"वैनी, शिमगा आला. पानी कुठं हाय?"

"पाणी आलं नाही, भाऊ," गंगा म्हणाली. "चाचणीच्या आधी शब्द द्यायला नको होता. तो मी दिला. तुम्ही बोला, मी ऐकून घेते."

लोक बोलले. पुष्कळ बोलले. ती मान खाली न घालता ऐकत राहिली. सगळे दमले तेव्हा तिने सोबत आणलेल्या इंजिनिअरना पुढे बोलावलं. त्यांनी समजावून सांगितलं, की चढ मोठा आहे, नुसत्या दाबाने पाणी कातळापर्यंत पोचत नाही. वर टाकी बसवून ती पंपाने भरायची आणि तिथून घराघरांत पाणी सोडायचं, हा एकच उपाय. मात्र टाकीला उंचावरची सपाट जागा हवी.

सगळ्या माना एकदम वळल्या. अशी जागा वरच्या आळीत एकच होती, महिपतभाऊंच्या घरामागची. महिपतभाऊंनी चपला पायात सरकवल्या आणि ते तडक निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगा एकटीच पाखाडी चढली. पुढचं सगळं मला महिपतभाऊंनीच नंतर हसत हसत सांगितलं. ते पडवीत बसले होते. "ये," म्हणाले, पण "बस" म्हणाले नाहीत.

"एक कोपरा द्या, भाऊ," गंगाने उभ्याउभ्याच सांगितलं.

"ती जागा नितेशच्या घराची हाय. मुंबैत भाड्याच्या खोलीत ऱ्हातो पोर." मग त्यांनी मनातलं बोलून टाकलं. "आनि उद्या लोक म्हनतील, गंगाबायन् पानी आनला. जागा माजी नि नाव तुजा!"

"नाव तुम्ही घ्या," गंगा म्हणाली. "पुढच्या सभेत तुम्हीच सांगा. मी खाली बसते."

या उत्तराची महिपतभाऊंनी तयारी केली नव्हती. तेवढ्यात आतून त्यांची बायको बाहेर आली. पदराने हात पुसत म्हणाली, "लगीन होऊन इथं आले तवापासना हंडे मी व्हाते. तुमी एक तरी चढवलात? द्या जागा."

"नितेशला इचारतो," महिपतभाऊ पुटपुटले आणि त्यांनी फोन लावला. नितेश कामावर होता. सगळं ऐकून तो तिकडून एवढ्या मोठ्याने हसला की पडवीभर ऐकू गेलं.

"अहो आप्पा, घर बांधायला आधी पाणी नको काय?"

महिपतभाऊंनी फोन खाली ठेवला. गंगाकडे बघून म्हणाले, "बस आता. च्या घे."

पुढच्या सभेत गंगा खरंच बायकांमधे जमिनीवर बसली. महिपतभाऊंनी इस्त्रीचा सदरा घातला होता. त्यांनी माईक घेतला, घसा खाकरला आणि जागा दिल्याचं सांगितलं. टाळ्या इतक्या पडल्या की त्यांना बोलायची गोडी लागली. टाकीचा चौथरा, पंप, विजेची जोडणी, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. शेवटी त्यांचं त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, गंगाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही बाय हरलेल्या मानसाच्या दारात आली. माज्यान् झाला नसता."

गंगाने तेवढ्यावर काम सोडलं नाही. जागेची कागदपत्रं, पंपाची मंजुरी, एकेका टेबलापाशी ती उभी राहिली. मे महिना लागता लागता कातळावर काळी टाकी दिसू लागली.

नळ सोडायच्या दिवशी खालची आळीसुद्धा वर लोटली. पालखीचे ढोलवाले कुणी न बोलावता आले. मान महिपतभाऊंच्या बायकोला दिला. तिने तोटी फिरवली. आधी नुसती हवा सुटली, चाचणीच्या दिवसासारखीच. मग गढूळ चूळ पडली, आणि मग पांढरीशुभ्र धार! बाईने ओंजळ भरली, प्यायली, दुसरी ओंजळ भरली आणि नवऱ्याच्या डोक्यावर ओतली. इस्त्रीचा सदरा भिजला. ढोल घुमले. घराघरातून ओरडा उठला, "आमच्याकडं पन आला! आमच्याकडं पन!"

गंगा त्या आरोळ्या मोजत असल्यासारखी एकेका दारात डोकावत शेवटच्या घरापर्यंत गेली. परत आली तेव्हा हसत होती आणि डोळे वाहत होते. बायकांनी तिला ओढून नळाखाली धरलं. नगरसेविका नखशिखांत भिजली.

त्याच महिन्यात वरच्या आळीतल्या सानिकाचं लग्न ठरलं. तोवर वरच्या आळीतल्या प्रत्येक मुलीचं लग्न खाली, भाड्याच्या हॉलमध्ये लागायचं. वऱ्हाडाला पाणी कुठून पुरवणार? सानिकाच्या वडिलांनी या वेळी हॉलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्वतःच्या अंगणात मांडव घातला. नवरीला हळद लागली, ती स्वतःच्या घरच्या पाण्याने उतरली. परसात चुली पेटल्या, भाताची मोठमोठी पातेली चढली, आणि अख्खी वस्ती पाखाडी चढून, कातळावर पंगतीला बसून पोटभर जेवली.