लाज चपलांपाशी

पाण्यात उतरण्याआधी मास्तर आज ओकणार की नाही ते जाहीर करून टाकत. बोटीच्या कडेवर बसून, पाठीवर सिलिंडर बांधून घेत, पावसाचा अंदाज सांगावा तसं सांगत, "आज तळाला गेल्यावर ओकनार बहुतेक. तू घाबरू नको." आणि बहुतेक वेळा दिलेला शब्द पाळत. सगळी नोकरी गोदीत पाणबुड्या म्हणून केलेल्या या माणसाचं पोट समुद्राशी कधीच जुळलं नव्हतं. त्याची त्यांना खंत नव्हती. "शिंप्याला सुई टोचते, मला पानी लागतं. म्हनून काय धंदा सोडायचा?"

निवृत्तीनंतर ते वसईच्या किनाऱ्यावर, पाचूबंदरला राहत. बोटींच्या पंख्यात अडकलेली जाळी सोडवत, तळाला राहिलेले नांगर शोधून देत. बरोबर दोन कोरडे पाव आणि आल्याचा तुकडा असायचाच. पाव पोटासाठी, आलं चघळायला. "रिकाम्या पोटी ओकारी आली तर आतडं बाहेर डोकावतं," हे त्यांचं वैद्यकशास्त्र. दुसरा उपाय म्हणजे नजर. बोट डोलायला लागली की अर्नाळ्याच्या किल्ल्याकडे बघत बसायचं, कारण आसपास न हलणारी तेवढी एकच वस्तू.

माझी त्यांची गाठ पडली ती आमच्या वसाहतीतल्या साहस मंडळामुळे. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि वसईत नव्या इमारतींबरोबर नवी मंडळंही उभी राहत होती. आमच्या अध्यक्षांनी कुठूनतरी पाण्याखाली जायचे दोन जुने संच मिळवले. स्वतः त्यांनी गुडघ्याच्या वर कधी पाणी लागू दिलं नव्हतं. मी मुंबईत आवक-जावक विभागात कारकून होतो. मला पोहता येत होतं आणि नाही म्हणता येत नव्हतं, एवढ्या पात्रतेवर माझी निवड झाली. शिकवायला मास्तर.

पहिला धडा सांडोरच्या एका वाडीतल्या बावखलात झाला. बावखल म्हणजे केळीच्या बागांना पाणी पुरवणारं तळं. मास्तरांनी पेजेचा डबा आणला होता. मला वाटलं, न्याहारी. "तोंडभर घे. गिळू नको. खाली जा आनि चोखनीतून बाहेर टाक." चोखणी म्हणजे दातांत धरायचा तो रबराचा तुकडा, ज्यातून हवा येते. ओकारी आली तरी ती तोंडातून काढायची नाही. हाताने घट्ट दाबून धरायची, तिच्यातूनच ओकायचं, मागचं बटण दाबून ती हवेने साफ करायची, मग जीभ टाळूला लावून, गाळून घेतल्यासारखा पहिला श्वास घ्यायचा.

तीनदा मी चोखणी काढली. तीनदा पाणी नाकात गेलं. ऐकायला सोपं होतं, पण हात ऐकत नव्हता. ही वस्तू उद्या दुसऱ्या कुणाच्या तोंडात जाणार. तिच्यात ओकायचं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात थुंकण्यासारखं. चौथ्यांदा खोकत वर आलो तेव्हा मास्तर म्हणाले, "तुझ्या आयनं तुला चांगलं वळन लावलंय. तेच तुला बुडवनार."

मग त्यांनी जोडीदाराची गोष्ट सांगितली, अगदी थोडक्यात. गोदीत दोघं एकत्र उतरायचे. एके दिवशी जोडीदाराला खाली ओकारी आली आणि त्याने चोखणी काढली. ओकून झाल्यावर माणूस आधी श्वास ओढतो. त्याने पाणी ओढलं. "लोक म्हनतात ओकून मेला. तो लाजून मेला." मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. "लाज किनाऱ्यावर ठेवायची. चपलांपाशी. परत आल्यावर पायात घालायची."

प्रत्यक्ष उतरायचा दिवस अध्यक्षांनी ठरवला. अर्नाळ्याजवळ समुद्रतळाशी मंडळाचा झेंडा रोवायचा होता. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नाही. झेंडा कुणाला दिसणार, हे विचारणं मंडळद्रोह ठरला असता. बोटीवर बॅनर होतं, नारळ होता, फोटोग्राफर होता. इंजिन बंद करून अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. बोट आडवी डोलत होती, डिझेलचा वास नाकात बसला होता, आणि भाषण मानवाच्या सागरजयापर्यंत जेमतेम पोचलं होतं. माझ्या कानशिलांवर गार घाम आला. तोंडात पाणी सुटलं. मास्तरांनी विचारलं, "ठीक हाय ना?" मी मान डोलावली. भाषणात व्यत्यय कसा आणायचा?

उतरलो. खाली सात-आठ वाव, म्हणजे चाळीस-पन्नास फूट पाणी. उजव्या हातात झेंडा, डाव्यात नांगराचा दोर, आणि मास्तरांनी माझा दंड धरलेला. दिसत काहीच नव्हतं, म्हणून आमची खूण ठरली होती: दंडावर दोन दाब म्हणजे 'ठीक?', आणि उत्तर म्हणून दोन दाब. अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारलं, मी झेंडा काखेत धरून दोन दाब दिले. ते खोटे होते. तळाजवळ लाटेने मला पुढे ढकललं, मागे ओढलं, आणि पोटातून ते वर आलं.

पेज, बटण, जीभ, टाळू यांतलं काहीही आठवलं नाही. दोर सोडून माझा डावा हात तोंडाकडे गेला, चार माणसांत जेवताना ठसका लागल्यावर जातो तितक्या सभ्यपणे, आणि चोखणी ओढू लागला. ओठांच्या कडेने खारं पाणी आत आलं. त्याच क्षणी अंधारातून एक पंजा आला आणि चोखणी माझ्या दातांवर एवढ्या जोरात बसली की हिरडी फाटली. पंजा हलेना. मला वर पळायचं होतं, दंड सुटेना. मग मी ओकलो. एकदा, दोनदा, मास्तरांच्या तळहाताखाली, मंडळाच्या मालमत्तेत. बटण त्यांनीच दाबलं. जीभ टाळूला लागली. पहिला श्वास आंबट होता, पण हवेचा होता. कपाळाला काहीतरी टोचत होतं. लहान मासे माझ्या न्याहारीला आले होते. झेंडा कधी सुटला ते कळलं नाही. दंडावर दोन दाब आले. या वेळी मी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग ते मला इंचाइंचाने, श्वास सोडायला लावत, वर घेऊन आले.

"लावला झेंडा?" अध्यक्षांनी वरूनच विचारलं.

"लावला," मास्तर म्हणाले. "जाऊन बघा."

टाळ्या पडल्या. परतताना मास्तर माझ्याजवळ बसले. "वर असतानाच मळमळत होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाय? उतरलोच नसतो."

"भाषण चाललं होतं."

ते रागावतील असं वाटलं होतं. किल्ल्याकडे बघत ते म्हणाले, "माझ्या जोडीदाराच्या वेळी सायबाची पाहनी होती." उरलेला पाव त्यांनी माझ्या हातात ठेवला.

त्यानंतर मी त्यांच्याबरोबर पुष्कळदा उतरलो, झेंड्याशिवाय. बरं नसेल तेव्हा बरं नाही असं सांगायला शिकलो. ऑफिसातसुद्धा, तिथे मात्र ते फारसं कुणाला आवडलं नाही.

आमची शेवटची भेट वसईतल्या एका दवाखान्यात झाली. मास्तरांच्या पोटातच काहीतरी वाढलं होतं. मी पोचलो तेव्हा अध्यक्ष आलेले होते, शाल आणि श्रीफळ घेऊन. आजारी माणसाचा पलंगावरच सत्कार चालला होता. फोटोग्राफर होता, पायथ्याशी आठ-दहा माणसं होती, आणि भाषण सागराच्या सुपुत्रापर्यंत आलं होतं. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले होते. कानशिलांवर घाम होता. हात अंगावरच्या शालीत मुठी करून.

तो घाम मला ओळखीचा होता.

"साहेब, थांबा," मी म्हणालो. अध्यक्ष वाक्याच्या मध्यावर होते. "थांबा म्हणतो ना! बाजूला व्हा."

पलंगाखालचं भांडं मी त्यांच्या हनुवटीखाली धरलं. मास्तरांनी नको म्हणून मान हलवली. माणसं होती ना समोर.

"मास्तर, लाज चपलांपाशी."

त्यांनी डोळे उघडले. "चपला घरीच ऱ्हायल्या रं," ते कसंबसं म्हणाले. "उचलून आनला मला." आणि मग ओकले. बराच वेळ. खोली रिकामी झाली. शाल खराब झाली होती. ती मी काढून कोपऱ्यात टाकली.

ते मागे टेकले. डोळे मिटलेले, श्वास गाळून घेतल्यासारखा. मी त्यांचा दंड धरला आणि दोन दाब दिले.

उत्तराला वेळ लागला. माझ्या मनगटावर त्यांची बोटं आली. दोन दाब दिले त्यांनी. दुसरा फार हलका होता.