लोणावळ्याचं खोटं लग्न

माझ्या दोन्ही मुलांच्या आयुष्यातली प्रत्येक पहिली गोष्ट त्यांच्या आत्याने केली. सुरुवात बारशापासूनच. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, हे मला मान्य आहे. नाव सांगून झालं की बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, हाही रिवाजच. थोरल्याच्या बारशाला मी बाळंतीण, पाटावर बसलेली, तिथूनच वाकून एक धपाटा असा घातला की ताई वळून म्हणाली, "अगं, बाळंतपण झालंय ना तुझं? अंगात ताकद बरीच दिसते."

ताई म्हणजे आमच्या ह्यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, बँकेत चांगल्या हुद्द्यावर, पुण्याच्या टोकाला मांजरी गावात नवीन सोसायटीत फ्लॅट, दाराशी गाडी. आम्ही कसब्यात दोन खोल्यांत, ह्यांची भोसरीच्या कारखान्यात नोकरी आणि चौघांत एक स्कूटर. मुलांनी पहिलं आइस्क्रीम खाल्लं ते ताईच्या हातचं. पहिला सिनेमा ताईबरोबर. पहिला समुद्रसुद्धा! मी घरी पापड लाटत होते आणि माझा मुलगा आत्याचं बोट धरून पहिल्यांदा समुद्रात पाय बुडवत होता. परत आला तो वाळूने भरलेला. ती वाळू मात्र मी झाडली.

जळत होते मी. त्याला दुसरा शब्द नाही. लोक म्हणत, "किती जीव लावते हो आत्या! नशीबवान आहात." मी हसायचे आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

त्या वर्षी लोणावळ्यापलीकडच्या मोठ्या पार्कचं वेड शाळेत पसरलं. उंच पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, अंधारातली भुतांची गाडी. वर्गातला एक जण जाऊन आला होता आणि आमच्या थोरल्याला घरी येऊन जेवण जाईना. मी मनाशी म्हटलं, हे माझं. हा एक तरी पहिला दिवस माझ्या हातून व्हायचा. ताईला कळायच्या आत.

मग मी जी तयारी केली ती एखाद्या मुंजीलाही केली नसेल. ह्यांची सुट्टी गुरुवारी, म्हणजे गर्दीही कमी. पार्कात फोन करून विचारलं. बाहेरचं खाणं चालत नाही म्हणाले. म्हणजे पोळीभाजी आगगाडीतच संपवायची. पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, म्हणून तुळशीबागेत जाऊन दोघांचे पोहायचे कपडे घासाघीस करून आणले आणि गव्हाच्या डब्यामागे लपवले. लहान मुलांशेजारी पाळण्यात एकेक मोठं माणूस बसलंच पाहिजे, असाही नियम होता. तो मी ऐकला आणि सोडून दिला. आम्ही दोघं आहोत की!

अडचण होती पोरांच्या तोंडाची. आत्याचा रोज संध्याकाळी फोन, आणि त्यावर आमच्या घरातली आमटी खारट झालेलीसुद्धा मांजरीला पोचायची. म्हणून मी मुलांना सांगितलं, "गुरुवारी लोणावळ्याला लग्नाला जायचंय. नात्यातलं आहे." लग्न म्हटल्यावर दोघांची तोंडं वाकडी झाली. मला हायसं वाटलं.

'नात्यातलं' हा शब्द माझ्या तोंडून उगीच गेला.

बुधवारी संध्याकाळी दारात ताई. हातात पिशवी. पाणीही न घेता तिने पिशवीतून एकेक वस्तू काढून कॉटवर मांडली. नारळ, ब्लाउजपीस, वर घडी न मोडलेली मोरपंखी साडी. धाकटीसाठी परकर-पोलकं, थोरल्यासाठी झब्बा.

"मला बोलावणं नाही आलं," ती म्हणाली. "नसेल यायचं. बिनलग्नाच्या बाईला लग्नात बोलवायला लोक कचरतात, मला काही नवीन नाही. पण घरातली मोठी आहे मी. माझा आहेर तरी पोचव."

मी काही बोलणार तेवढ्यात हे मोरीतून तोंड पुसत बाहेर आले. मुलांना सांगितलेलं खोटं ह्यांनाही सांगून ठेवावं, हे मला सुचलंच नव्हतं.

"कसलं लग्न?" हे म्हणाले. "उद्या पार्कात चाललोय ना आपण?"

"पाऽऽर्क!" थोरला किंचाळला आणि त्याने उडी मारून मिठी मारली. कुणाला? आत्याला. ती कॉटवर बसली होती, जवळ होती, हे मलाही दिसत होतं. पण माझ्या महिनाभराच्या खटपटीची मिठी तिच्या गळ्यात पडली आणि माझं डोकंच फिरलं.

"म्हणजे मला चुकवून," ताई हळू म्हणाली. "मी काय खाते का गं पोरांना?"

"हो, चुकवून!" मी म्हटलं. "नाव तुम्ही ठेवलंत. आइस्क्रीम तुम्ही दिलंत, सिनेमा तुम्ही दाखवलात, समुद्र तुम्ही दाखवलात. मी कोण, पाटावरची बाई? एक दिवस तरी माझा ठेवा की, ताई!"

धाकटी नवं परकर-पोलकं पोटाशी धरून आळीपाळीने आमच्याकडे बघत होती.

"आत्या, तू पण चल," थोरला म्हणाला. त्याला बाकी काही ऐकूच आलं नव्हतं.

"नको रे. मला काम आहे उद्या." ताई उठली. साडी तिने तशीच ठेवली. "आहेर परत नेऊ नये म्हणतात. तूच नेस." रंग अगदी मला हवा तसा होता. त्याचाही राग आला.

हे खाकरले. "मी पाळण्याबिळण्यात बसणार नाही हं, आधीच सांगतो. मला जत्रेतल्या घोड्यावरसुद्धा चक्कर येते." आणि त्यांनी बहिणीकडे पाहिलं. पोरं दोन, शेजारी बसणारी मी एकटी. सगळं ठरवलं होतं मी, लग्नाच्या नवऱ्याला चक्कर येते हे सोडून.

मी ताईला म्हटलं, "चला तुम्ही. सकाळी गाडी घेऊन या."

"तोंडदेखलं म्हणतेस?"

"तोंडदेखलं असतं तर गोड बोलले असते."

ताई तेव्हा हसली.

सकाळी मुलं धावत जाऊन तिच्या गाडीत बसली, थोरला पुढे, नेहमीसारखा. मी मागे, मांडीवर पोळीभाजीचा डबा. वाटभर आत्या हे बघ, आत्या ते बघ. मी खिडकीबाहेर तोंड करून बसले आणि आपण हिला का बोलावलं म्हणून स्वतःला बोल लावत राहिले.

पार्कच्या दाराशी संगीत वाजत होतं. मी दोघांचे हात धरले आणि मागे न बघता निघाले. आत पाऊल टाकताच थोरल्याने मान वर करून तो उंच पाळणा पाहिला, माझा हात गच्च दाबला आणि म्हणाला, "आई, बाप रे!" त्याचं ते तोंड मी पाहिलं. मीच पाहिलं, सगळ्यांच्या आधी.

मग वळून हाक मारली, "ताई, या ना!"

ती दाराबाहेरच उभी होती, पर्समध्ये डोकं घालून. "तुम्ही व्हा पुढे," ती ओरडली. "गाडीची चावी सापडत नाहीये."

चावी तिच्या डाव्या हातात होती.