मामांचा चंद्रोदय

माझ्या बायकोच्या मामांइतका प्रामाणिक चोर अख्ख्या कतारमध्ये दुसरा झाला नसेल. अल मन्सूरा भागातल्या किराणा दुकानातून एक लिंबू चुकून जास्त आलं, तर ते परत द्यायला मामा भर उन्हात चालत जात. ऑफिसचं पेन खिशातून घरी आलं की त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे. आणि हेच मामा दर शुक्रवारी सकाळी पेन ड्राइव्ह घेऊन दोह्यातल्या मराठी घरांतून फिरत आणि ज्याला जे सॉफ्टवेअर हवं ते क्रॅक करून बसवून देत. हिशेबाचं, घराचे नकाशे काढायचं, लग्नाच्या फोटोतले नको ते पाहुणे पुसायचं, काहीही. चहापलीकडे काही घेत नसत. लायसन्सच्या अटी पडद्यावर आल्या की एक अक्षर न वाचता त्यांना नमस्कार करत आणि मग 'मान्य आहे'वर क्लिक करत. याला चोरी म्हणतात, असं मी एकदा चाचरत सुचवलं. मामांनी मायेने समजावलं, की चोरी म्हणजे एकाची वस्तू जाणं. इथे कोणाचं काही जात नाही, उलट एकाचे दोन होतात, आणि दिल्याने वाढतं त्याला आपल्यात विद्या म्हणतात. मला ते पटलं नाही, खोडताही आलं नाही. मामांशी बोलून उठताना माणूस बसतानापेक्षा जास्त गोंधळलेला असे.

याच मामांनी एक सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं. भारतातून येणाऱ्या कॅलेंडरात संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ तिकडची. इथल्या उपास करणाऱ्या बायका अंदाजाने गच्चीवर जाऊन धुळकट आकाशात चंद्र शोधत बसायच्या. मामांच्या आईने जन्मभर संकष्टी केली होती, आणि ती गेली तेव्हा मामांना वेळेवर नाशिकला पोचता आलं नव्हतं. त्यानंतर संध्याकाळी ऑफिसातून आले की कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी 'चंद्रोदय' तयार केलं. तारीख घातली की दोह्यातली अचूक वेळ. उघडलं की आधी आईचं नाव येई, मग हळूच चंद्र. मामांनी ते सगळ्यांना वाटलं.

मग एका शुक्रवारी अल थुमामातल्या एका ओळखीच्या इंजिनिअरकडे मामांना तेच 'चंद्रोदय' दिसलं. तोच चंद्र, तेच रंग, फक्त आईच्या नावाच्या जागी त्या इंजिनिअरचं नाव. तो ते आपलं म्हणून मित्रांना वाटत होता. मामांनी हटकलं तेव्हा तो खरोखर चकित झाला. मामा, तुम्ही आजवर मला इतकं बसवून दिलंत, ते बनवणाऱ्यांपैकी एकाचं तरी नाव आपण वाचलं का, असं त्याने अगदी आदराने विचारलं. मामा चहा न घेता उठले आणि थेट माझ्याकडे आले.

"जावईबापू, माझ्याकडे ते होतं तसंच आहे. मग माझं गेलं काय?" त्यांनी विचारलं.

मी त्यांना दोह्यातल्याच, मूळच्या वसईच्या एका परिचितांकडे नेलं. ते वकिलाच्या ऑफिसात काम करत. त्यांनी सांगितलं, की लिहिलंत त्या क्षणापासून ते तुमचं. कायदा तुमच्या बाजूने आहे. मग सहज विचारलं, की लिहिलंत कशात? मामांनी त्या सॉफ्टवेअरचं नाव सांगितलं आणि खाली मान घालून ते कुठून आलं तेही सांगितलं. मग तक्रारीचा विचार जरा जपून करा, एवढंच ते म्हणाले.

"म्हणजे पोळी माझी, तवा चोरीचा," परतताना मामा गाडीत म्हणाले. "मग पोळी कोणाची?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवरचं सगळं क्रॅक केलेलं काढून टाकलं. काढण्याआधी एकेक उघडून ते बनवणाऱ्यांची नावं वाचली, ओठ हलवत, तर्पण करावं तशी. ज्यात 'चंद्रोदय' लिहिलं होतं तेही गेलं, त्यामुळे 'चंद्रोदय'मध्ये दुरुस्ती करणं कायमचं बंद झालं. शुक्रवारच्या फेऱ्याही थांबल्या. लोक फोन करत, मामा विषय बदलत. पुढे तो इंजिनिअर बायकोला घेऊन माफी मागायला आला. आईचं नाव त्याने परत घातलं होतं. मामांना मराठी सुचेना. ते त्याला अरबीतच 'शुक्रन', म्हणजे धन्यवाद, म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी स्वतः चहा टाकला.

आता मामा निवृत्त होऊन नाशिकला असतात. परवा त्यांचा फोन आला. त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा दुकानातून रीतसर सॉफ्टवेअर. या वेळी अटी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या होत्या.

"ते म्हणतात हे वर्षभरच वापरायचं, मग बंद. जावईबापू, चोरलेलं इतकी वर्षं माझ्याजवळ राहिलं, आणि विकत घेतलेलं माझं नाही?"

नाशिकच्या घरात मागे कुकरची शिट्टी वाजली.

"असू दे," मामा हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही जेवलात का?"